चिखल पाहिजे, चिखल!

सोलापुरात संसाराला लागणाऱ्या वस्तूंची यादी तशी आटोपशीर असते. गच्चीवर पाण्याची टाकी, जमिनीखाली आणखी एक टाकी, उन्हाळ्यासाठी कूलर, डब्यात शेंगाचटणी आणि हुरड्याच्या दिवसांत शेतावर बोलावणारा एखादा मित्र. चिखलात रुतलेली गाडी ओढून काढायचं यंत्र या यादीत कुणी घातल्याचं माझ्या ऐकिवात नाही. जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही त्याच्या मनात आलं तर. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी. उन्हाळ्यात उजनी धरणाचा साठा 'उणे' टक्क्यांत सांगायची पाळी येते आणि पेपर उघडला की आम्ही आधी तोच आकडा शोधतो. असं असूनही आमच्या घरी दिवाणाखाली तेच यंत्र, साडेनऊ हजार पौंड ताकदीचा विंच, आहे. किलोत सांगायचं तर चार हजार तीनशे. एवढा भार ओढण्याजोगं आमच्या घरात काहीच नाही. घरात वजन आहे ते फक्त मेहुण्याच्या शब्दाला.

मेहुणा नोकरी करतो शहरात, पण मनानं कायम जंगलात असतो. जुनी फोर बाय फोर जीप मी घ्यावी, हा शोध त्याचाच.

"दाजी, आपल्याला रस्ता नको," तो म्हणाला.

"मग गाडी कशाला?"

"रस्ता नसेल तिथं जायला."

"तिथं काय आहे?"

"रस्ता नाही, हेच तर आहे!"

या युक्तिवादाला उत्तर नसतं. जीप आली. महिनाभरात दुसरा युक्तिवाद आला. जिथं रस्ता नाही तिथं गाडी रुतणार, रुतली की काढायला विंच लागणार. "आणि रस्ता आहे तिथंच गेलो तर?" असं मी विचारलं, तर तो दुखावून म्हणाला, "मग विंच कशाला घेतला म्हणायचा?" तोवर आम्ही विंच घेतलेलाही नव्हता.

त्या रात्री जेवताना त्यानं आम्हांला विंचचा इतिहास ऐकवला. अमेरिकेत आर्थर वॉर्न नावाच्या गृहस्थानं 1948 साली जीपच्या चाकांना लावायचे हब बनवायचा धंदा काढला आणि 1959 साली त्यांच्या कंपनीनं हौशी लोकांच्या गाड्यांना लावायचा विजेवरचा विंच बाजारात आणला. गोव्यात 2014 पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची स्पर्धा होते. तिथं भर पावसात माणसं मुद्दाम गाड्या चिखलात घालतात आणि विंच लावून बाहेर काढतात.

"गोव्यात पाऊस पडतो," बायको भाकरी वाढता वाढता म्हणाली.

"ताई, आपल्याकडंही पडेल की."

"पडला तर आधी टाक्या भरून घेऊ. रुतायचं नंतर बघू."

तिचं ऐकून तो उठला असता तर हा लेख इथंच संपला असता.

विंच नुसता घ्यायचा नव्हता, काढता-घालता येणारा घ्यायचा होता. यामागं कायदा होता. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं गाड्यांना पुढून लावायचे बुल बार आणि क्रॅश गार्ड बेकायदा ठरवून राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. मोटार वाहन कायदा, कलम 52. हे कलम मेहुण्याला तोंडपाठ होतं. सात रस्ता चौकात हेल्मेट हँडलला अडकवून फिरणाऱ्या माणसाच्या तोंडून कायद्याचं कलम ऐकताना मला भरून आलं. तर पुढं कायमचा लोखंडी बंपर लावून त्यात विंच बसवणं नको. त्याऐवजी गाडीला पुढं आणि मागं दोन इंची चौकोनी नळी जोडायची, विंच एका पाळण्यात बसवायचा आणि तो पाळणा हवा तेव्हा हव्या त्या नळीत सरकवून आडवी पिन मारायची. काम झालं की पिन काढायची, विंच उचलायचा आणि घरी ठेवायचा.

"कुणाच्या घरी?" मी विचारलं.

"मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, दाजी. लिफ्ट नाही."

विंच आणि पाळणा मिळून वजन पन्नास किलोच्या घरात. एवढं वजन घेऊन त्यानं तीन जिने चढणं माणुसकीला धरून नव्हतं. मी तळमजल्यावर राहतो.

चौकोनी नळी आपल्याकडच्या गाड्यांना कारखान्यातून येत नाही, ती बनवून घ्यावी लागते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी-टॉवेलच्या यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो, तिथल्याच एका वेल्डिंगवाल्याकडं आम्ही गेलो. त्याचा जन्म उसाच्या ट्रॉल्या बनवण्यात गेलेला. मेहुण्यानं मोबाइलवर चित्र दाखवलं, माप सांगितलं, पोलादाची जाडी सांगितली. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ट्रॉलीचा हूक लावून देऊ का? शंभर वर्षं हलणार न्हाई."

"हूक नको. विंच बसवायचाय."

"विंच कशाला?"

"गाडी रुतली की काढायला."

"रुतली की ट्रॅक्टरवाल्याला हाक मारायची. त्याच्यासाठी हूक लागतो. म्हणून तर म्हणतोय!"

विंचच्या अख्ख्या प्रवासात मला भेटलेला हा पहिला शहाणा माणूस. पण शहाण्याचं ऐकायचं असतं तर आम्ही विंच आणलाच नसता. त्यानं नळ्या बसवल्या. माप मात्र त्याच्या पद्धतीनं. "दोन सूत सैल ठेवलंय, नायतर माती बसल्यावर अडकतंय." पिन पाच सुताची, एका टोकाला वाकवलेली. पुढच्या बॅटरीपासून मागच्या नळीपर्यंत अंगठ्याएवढी जाड केबल टाकली, कारण पूर्ण भार आला की विंच चारशे अँपिअरच्या आसपास करंट खातो. ही केबल त्यानं स्वतःच्या वेल्डिंग मशिनचीच लावली आणि म्हणाला, "सायेब, गाडी न्हाई निघाली तर निदान वेल्डिंग करता येईल."

विंच घरी आला तेव्हा तो कुठं ठेवायचा यावर घरात बैठक झाली. बाल्कनीत ठेवला तर धूळ, वॉशिंग मशिनवर ठेवला तर वॉशिंग मशिन. शेवटी दिवाणाखाली गाद्यांशेजारी जागा मिळाली. मेहुण्यानं त्याला गुंडाळायला कपाटातून मोराच्या नक्षीची सोलापुरी चादर काढली. बायकोच्या हे उशिरा लक्षात आलं. "ती माझ्या रुखवतातली आहे!" ती ओरडली. तेव्हा मेहुण्यानं शास्त्र सांगितलं. विंचचा दोर ताणलेला असताना तुटला तर तो सटकन उलटा येतो, म्हणून त्यावर जाड, जड कापड टाकायचं असतं. परदेशात त्यासाठी खास वजनदार पट्टा मिळतो. "आपली चादर त्याहून भारी आहे, ताई. हिला भौगोलिक मानांकन आहे." सोलापुरी चादरीला मानांकन आहे हे खरंच, पण ते कशासाठी दिलंय याचा मेहुण्यानं लावलेला अर्थ सरकारच्याही ध्यानात आला नसेल.

पुढं बरेच महिने विंचनं काहीच काम केलं नाही. फक्त खंडेनवमीला त्याची पूजा झाली. हळद-कुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. विळी, कात्री, मुलाचा कंपास, मेहुण्याचा विंच अशी ओळीनं शस्त्रं मांडली होती. त्यातली बाकी सगळी दुसऱ्या दिवशी कामाला लागली.

मेहुण्याला ते बघवेना. सराव करू म्हणून त्यानं एका रविवारी जीप आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर उभी केली. विंच लावला, म्हणजे त्यानं सूचना दिल्या आणि मी उचलला. "दाजी, तुम्ही फक्त पिन धरा" हे वाक्य त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकलं. पिन धरायच्या आधी पन्नास किलोही मीच धरायचे असतात, हे वाक्यात येत नाही. दोर अडकवायला झाड हवं होतं. सोसायटीतलं एकुलतं एक कडुलिंबाचं झाड अध्यक्षांच्या खिडकीसमोर. विजेच्या खांबाकडं त्यानं नुसतं पाहिलं तर वॉचमन काठी घेऊन आला. उरलं फाटक. जीपला हँडब्रेक होता, फाटकाला नव्हता. यंत्र चांगलं होतं एवढं त्या दिवशी सिद्ध झालं. फाटक अजून वॉचमनच्या खोलीला टेकवून ठेवलेलं आहे आणि सोसायटीच्या सभेत दर वेळी विषय क्रमांक एकवर असतं.

त्यानंतर मेहुण्यानं नातेवाइकांना फोन लावायला सुरुवात केली. "मामा, तुमच्याकडं चिखल आहे का हो?"

"हाय की. तळ्यातला गाळ काढायचं चाललंय. किती ट्रॉल्या पायजेत?"

"न्यायचा नाही मामा. रुतायचंय."

पलीकडं बराच वेळ शांतता. मग मामांनी बारीक आवाजात विचारलं, "घरी सगळं बरं हाय ना?"

माणसाकडं साधन आलं की संकटही हाताशी असावंसं वाटतं, ही काही एकट्या मेहुण्याची गोष्ट नाही. रक्तदाबाचं यंत्र घरी आणलेला माणूस येईल त्या पाहुण्याची बाही वर करतो. नवी ड्रिल मशीन घेतलेल्याच्या भिंतीला महिन्याभरात चाळणी लागते. पण रक्तदाब पाहुण्याकडं असतोच आणि भिंत घरात असतेच. चिखलासाठी मात्र सोलापूरकराला घर सोडून बाहेर पडावं लागतं.

चिखल भेटला तो भलत्याच दिवशी. जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरात असताना, आम्ही मोहोळकडं हुरड्याला निघालो होतो. जानेवारीत जमीन कोरडी ठणठणीत, म्हणून विंच घरीच. पण शेतीपंपाची लाईट रात्रीची होती. मालकानं रात्री उसाला पाणी लावलं, झोप लागली, पाट फुटला आणि सगळं पाणी गाडीवाटेवर येऊन साचलं. वरून वाट कोरडी दिसत होती. जीप त्यात बसली ती दारापर्यंत.

"विंच!" मेहुणा आनंदानं ओरडला.

"दिवाणाखाली," मी म्हणालो.

काढता येणारी वस्तू काढून ठेवलेली असते, हा तिचा मूळ स्वभाव आहे. छत्री पाहा. कायमचा बसवलेला विंच निदान गाडीसोबत रुततो तरी. आमचा तीस-चाळीस किलोमीटरवर, मोराच्या चादरीत, पंख्याखाली. दहा मिनिटांत एक ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्यानं आमच्या मागच्या चौकोनी नळीकडं कौतुकानं पाहिलं आणि विचारलं, "ह्याला साखळी कुठं लावायची?" हूक नव्हता. त्यानं साखळी थेट चासीला गुंडाळली, एका दमात जीप बाहेर आणली आणि पैसे विचारल्यावर हात जोडले. "हुरड्याला आलाव ना? मग चला की."

त्या दिवसापासून मेहुण्याचा नियम झाला की विंच नेहमी सोबत न्यायचा. त्यामुळं मी दर शनिवारी तो दिवाणाखालून गाडीत आणि दर रविवारी गाडीतून दिवाणाखाली नेऊ लागलो. डॉक्टरांनी माझ्या पाठीचा फोटो पाहून विचारलं, "हमाली करता का?" मी म्हटलं, "नाही, छंद आहे."

उसाच्या हंगामात एकदा संधी चालून आली. कारखान्याच्या वाटेवर एका ट्रॅक्टरची मागची ट्रॉली रस्त्याच्या कडेला साइडपट्टीत उतरली होती. आजवर ट्रॅक्टरनं आम्हांला काढलं, आज आपण ट्रॅक्टरला काढू, या विचारानं मेहुण्याचे डोळे पाणावले. विंच लावला. (मी.) पिन धरली. (मी.) दोर ट्रॉलीला अडकवला. विंच किती ओढेल याचं गणित सोपं असतं. गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट ताकदीचा विंच घ्यावा, म्हणजे आपली गाडी निघते. दोन ट्रॉल्यांतला ऊस मात्र वीस टनांच्या घरात होता. विंचला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याला दोन टोकं माहीत, एक जीपचं आणि एक ट्रॉलीचं. त्यातलं हलकं कुठलं हे त्यानं क्षणात ओळखलं आणि जीप, हँडब्रेकसकट, सावकाश ट्रॉलीकडं सरकू लागली.

"येलालीय, येलालीय!" ट्रॅक्टरवर बसलेला पोरगा ओरडला.

"ट्रॉली येतेय का?" मेहुण्यानं उत्साहानं विचारलं.

"न्हाई, तुमची जीप!"

जीप ट्रॉलीला टेकली तेव्हा कुठं मेहुण्याला रिमोटचं बंद करायचं बटण सापडलं. बंपरला पडलेला पोक अजून आहे.

खरी परीक्षा मात्र मंगळवेढ्याच्या रानात झाली. सप्टेंबरचा शेवट, परतीचा पाऊस होऊन गेलेला. मंगळवेढ्याची ज्वारी प्रसिद्ध, तिलाही भौगोलिक मानांकन, आणि ती पिकते त्या मातीमुळंच. बेसाल्ट झिजून झालेली खोल काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यात पाय जातो. पाऊस पडला की ती पाणी पिऊन फुगते आणि मग त्यात गेलेला पाय बाहेर येत नाही. अशा रानात, पेरणीच्या आधी, मेहुण्यानं मुद्दाम जीप घातली. शंभर पावलं गेलो असू. चाकांच्या नक्षीत माती भरून चारही चाकं डिंकाचे लाडू झाली आणि जीप पोटावर बसली.

"आता!" मेहुणा म्हणाला. एखाद्याला पदोन्नतीचं पत्र मिळाल्यावरही एवढा आनंद होत नसेल.

विंच पुढच्या नळीत होता. बाहेर जायची वाट मागं. "म्हणूनच तर काढता-घालता येणारा घेतलाय, दाजी!" मी पिन काढली, विंच उचलला आणि एकेक पाय उपसत मागं निघालो. एक चप्पल वाटेतच जमिनीनं ठेवून घेतली. मागची नळी चिखलाखाली होती. ती हातानं उकरली. विंच आत सरकवला, दोन सूत सैल असल्यामुळं सरकलाही. "दाजी, तुम्ही फक्त पिन धरा," मेहुणा म्हणाला आणि मी पाहिलं तर माझ्या हातात पिन नव्हती.

काळ्या मातीत काळी पिन शोधण्याचा अनुभव ज्यानं घेतला नाही त्याला मी तो शब्दांत सांगू शकणार नाही. आम्ही कोपरापर्यंत हात घालून शोधलं. मिळाले दोन दगड, एक जुना फाळ आणि माझी चप्पल, तीही दुसऱ्या पायाची. शेवटी पिनेच्या जागी चाकाच्या पान्याची टॉमी घातली.

आता दोर अडकवायला झाड. मी चारी दिशांना पाहिलं. विंचच्या पुस्तिकेत चित्र असतं, त्यात गाडीसमोर तीस पावलांवर एक घेरदार झाड असतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानात क्षितिजापर्यंत फक्त रान असतं. एक बाभळ होती, ती दूर बांधावर. दोर सत्तावीस-अठ्ठावीस मीटरचा, बाभळ त्याच्या दुपटीहून लांब. मेहुण्यानं व्हिडिओत पाहिलेला उपाय काढला. झाड नसेल तर स्टेपनी जमिनीत खोल पुरायची आणि तिला दोर बांधायचा. स्टेपनी पुरायला खड्डा लागतो. खड्डा कुणी खणला ते सांगत नाही. खणलेली माती फावड्याला चिकटून बसे आणि फावडं खड्ड्याबाहेर झटकलं की अर्धी परत खड्ड्यात पडे. तासाभरानं स्टेपनी पुरली, दोर बांधला, दोरावर मोराची चादर टाकली, मेहुण्यानं बटण दाबलं. विंच घरघरला. दोर ताणला. चादर थरथरली. जमीन हळूहळू वर आली आणि स्टेपनी, मातीसकट, डौलानं आमच्याकडं चालत आली.

एव्हाना बांधावर माणसं जमली होती. आपल्याकडं गाडी रुतली की माणसं कुठून येतात हे मला अजून कळलेलं नाही. रान मोकळं असतं, कुणी दिसत नसतं आणि बघता बघता बारा जण उभे असतात. त्यात दोन म्हातारे, तीन पोरं, एक मोटारसायकलवरून कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका द्यायला निघालेला माणूस आणि बाकीचे सल्लागार. एकजण म्हणाला पहिला गिअर टाका, दुसरा म्हणाला पहिला टाकू नका. तिसऱ्यानं विचारलं, "गाडी कितीला घेतली?" या प्रश्नाचं रुतण्याशी काय नातं आहे ते ठाऊक नाही, पण तो हमखास येतो.

त्या गर्दीतून एक आबा पुढं आले. डोक्याला फेटा, हातात चाबूक. त्यांनी आधी रानाकडं पाहिलं, मग जीपकडं, मग माझ्या एका चपलेकडं.

"काय करलालाव ओ?"

"विंचनं गाडी काढतोय, आबा."

"रानाला वाफसा न्हाई अजून. आमी बैल घालंना झालोय आन् तुमी जीप घातलाव?"

"ट्रॅक्टर मिळेल का?" मी विचारलं. मेहुण्यानं माझ्याकडं रागानं पाहिलं.

"ह्या वल्ल्या रानात ट्रॅक्टर घातला तर त्यो बी बसंल. मग दोघांस्नी काढायला तिसरा आणावा लागंल." आबा खाली वाकले, दोर हातात घेऊन त्याचा पीळ पाहिला, ताकद विचारली. मेहुण्यानं पौंडांत सांगितली. आबांनी मान हलवली. "आमच्या आज्याच्या विहिरीवर मोट हुती. बैल धाव उतरायचं, नाडा चाकावरनं यायचा. नाडा ताणला की त्याच्या रेषेत कुणी उभं ऱ्हायाचं न्हाई, तुटला तर मुंडी जायाची. तू नेमका तिथंच उभा हायस, पोरा."

मेहुणा पटकन बाजूला झाला. जे सांगायला पुस्तिकेनं चार पानं आणि लाल रंगातली सहा चित्रं घेतली होती, ते आबांनी दोन वाक्यांत उरकलं.

कप्पीचंही तेच. दोर कप्पीतून फिरवून परत गाडीला आणला की ओढ दुप्पट होते आणि वेग निम्मा, हे मेहुणा समजावायला लागला, तर आबा म्हणाले, "ठावं हाय." मग मेहुण्यानं ड्रमवर दोर जितका कमी गुंडाळलेला तितकी ओढ जास्त, हे सांगायला सुरुवात केली. आबा म्हणाले, "ते बी ठावं हाय. पण बॅटरी हाय का?"

बॅटरी नव्हती. स्टेपनी ओढत आणण्याच्या आनंदात मेहुण्यानं इंजिन बंद ठेवून विंच चालवला होता. बटण दाबलं की आता नुसतं टक् वाजत होतं.

आबांनी मागं वळून हाक मारली. बांधाच्या पलीकडून खिलारांच्या दोन जोड्या आल्या. पांढरे शुभ्र, मागं वळलेली लांब शिंगं, आणि चालण्यात असा रुबाब की मेहुणासुद्धा घटकाभर विंच विसरला. बैल रानात आले नाहीत, बांधावरच्या कडक वाटेवर उभे राहिले. जीप ते बांध हे अंतर भरायला आमचा विंचचा सगळा दोर सोडला, त्याला गाडीतला ओढायचा पट्टा जोडला आणि त्याला आबांचा जुना नाडा. पोरांनी चाकांमागची माती उकरून गंजीतला कडबा आणून चाकांखाली घातला. कुणीतरी चाकांतली निम्मी हवा सोडली. बाराही सल्लागारांनी बॉनेटला हात लावले. आबा म्हणाले, "हं!" बैलांनी माना घातल्या. जीप आधी कुरकुरली, मग माती सोडल्याचा मोठा आवाज झाला आणि पाच मिनिटांत ती बांधाला लागली.

"बघितलंत दाजी?" मेहुणा चिखलातून ओरडला. "विंचचाच दोर!"

आबांनी पैसे घेतले नाहीत. पिन हरवल्याचं ऐकून मात्र त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी बैलाच्या मानेवरचं जू दाखवलं. जुवाच्या दोन्ही टोकांच्या शिवळांना सुतळीचे तुकडे बांधलेले होते. "शिवळ बी पडती. म्हणून बांधून ठेवायची. येवढं लोखंड घेतलं, एक सुतळी घ्यायची हुती की."

हे सगळं सांगूनही मी विंच वाईट म्हणणार नाही. वस्तू उत्तम आहे. गोव्याच्या चिखलात, जंगलात, जिथं झाडं आहेत आणि माणसं नाहीत, तिथं ती जीव वाचवते. आमच्याकडं झाडं नाहीत आणि माणसं आहेत, एवढाच फरक. कुणाच्या उपकारात राहायला नको म्हणून मेहुण्यानं विंच घेतला आणि त्याच्यामुळं आमच्यावर आजवर वेल्डिंगवाल्याचे, ट्रॅक्टरवाल्याचे, बारा सल्लागारांचे आणि चार बैलांचे उपकार झाले. नुसत्या गाडीनं एवढ्या ओळखी झाल्या नसत्या. दिवाळीला आता आबांकडून ज्वारी येते.

तेव्हा तुम्हांला घ्यायचाच असेल तर जरूर घ्या. ताकद गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट बघा. दोराच्या रेषेत उभे राहू नका. इंजिन चालू ठेवा. दोरावर टाकायला चादर दुकानातून आणा, कपाटातून नको. गाडीला मागं एक साधा ट्रॉलीचा हूकही लावून घ्या, वेल्डिंगवाला सांगत होता ते खरं आहे. पिनेला सुतळी बांधा. आणि मंगळवेढ्याच्या शिवारात पाभर चालवताना कुणाला पाच सुताची, एका टोकाला वाकवलेली लोखंडी पिन सापडलीच, तर हात जोडून विनंती आहे की मेहुण्याला कळवू नका. तो ती आणायला जीप घेऊन निघेल.